पांढऱ्या तारेचे दोन आकडे

दातांना तारा लावलेलं कुणीतरी तुमच्या घरात असेल, नाहीतर शेजारी तरी असेलच. ती कॉलेजात जाणारी मुलगी असेल किंवा नुकता नोकरीला लागलेला मुलगा असेल, तर डॉक्टरांनी एकदा तरी विचारलेलं असतं, "पांढरी तारही मिळते, फारशी दिसत नाही. थोडे जास्त पैसे पडतील. लावायची?" घरात लग्नाची बोलणी चालू असतील तर उत्तर बहुतेक 'लावा' असंच येतं. हा लेख त्या पांढऱ्या तारेवर होणाऱ्या संशोधनाबद्दल आहे. थोडा तक्रारीचा आहे, हे आधीच सांगते.

मी दातांची डॉक्टर नाही. धातूंवरचे पातळ लेप हा माझा पीएचडीचा विषय. पण नागपुरात राहून या तारांपासून लांब राहणं कठीण आहे. मेडिकलच्या परिसरातलं शासकीय दंत महाविद्यालय, हिंगणा रोडवरची दोन महाविद्यालयं, वर्ध्याजवळ सावंगी मेघे. एवढी दंतशिक्षणाची गर्दी आपल्या भागात आहे. एमडीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तीन वर्षांत डिझर्टेशन पुरं करायचं असतं आणि त्यासाठी लागणारी ओढायची, मोजायची यंत्रं बऱ्याचदा इंजिनीअरिंगवाल्यांकडे असतात. त्यामुळे कोटेड तारांवरचे पेपर मी बरेच वाचले, आपल्याकडचेही आणि बाहेरचेही. एक वाचला की पुढचे दहा वाचून झाल्यासारखे वाटतात.

पाककृती ठरलेली असते. बाजारातून तीन-चार कंपन्यांच्या कोटेड तारा आणायच्या, तुलनेला एक साधी. प्रत्येकीचे दहा तुकडे. ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर ब्रॅकेट चिकटवायचं, त्यात तार रबराच्या रिंगने बांधायची आणि युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनने ओढायची. ओढायला जेवढा जोर लागला ते घर्षण. मग वेगळे तुकडे घेऊन ते कॉफीत, चहात, कोलात, आणि आपल्याकडचा पेपर असेल तर हळदीच्या पाण्यात बुडवायचे, आधीचा आणि नंतरचा रंग स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजायचा. शेवटी अनोव्हा, पी व्हॅल्यू, दोन तक्ते आणि निष्कर्ष: अमुक तारेचं घर्षण सगळ्यात कमी, तमुक तारेचा रंग सगळ्यात पक्का, पुढे क्लिनिकल अभ्यासाची गरज आहे.

दोन्ही आकडे खोटे नसतात. प्रश्न असा आहे की ते कशाचे आकडे आहेत.

घर्षणापासून सुरुवात करू. वेडावाकडा दात जागेवर आणायचा तर त्यावर चिकटवलेलं ब्रॅकेट तारेवरून सरकत जायला हवं, पडद्याच्या कड्या दांडीवरून सरकतात तसं. स्प्रिंगने किंवा रबराच्या साखळीने दिलेल्या ओढीतला काही भाग घर्षणात जातो, उरलेला दाताला मिळतो. म्हणून घर्षण कमी असावं, ही अपेक्षा रास्तच. पांढऱ्या तारेवर असतं टेफ्लॉन किंवा इपॉक्सीसारखं पॉलिमर, आणि टेफ्लॉन किती निसरडं ते नवा नॉन-स्टिक तवा वापरलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. २००२ साली हुसमान, बूरावेल आणि सहकाऱ्यांनी कोटेड तारांचं घर्षण मोजलं आणि कोटिंगमुळे ते कमी होतं असं दाखवलं. नंतरच्या अभ्यासांत मात्र एकवाक्यता नाही; कुठे कमी निघालं, कुठे वाढलेलं.

आता मशीनकडे बघा. अशा चाचण्यांत ओढण्याचा वेग मिनिटाला ५ मिलिमीटर ठेवण्याची पद्धत आहे. तोंडातला दात सरकतो महिन्याला साधारण १ मिलिमीटर. तीस दिवसांत ४३,२०० मिनिटं असतात, म्हणजे मशीन दातापेक्षा दोन लाख सोळा हजार पट वेगाने चालतंय. बैलगाडीचा वेग ताशी ४ किलोमीटर धरला तर त्या पटीतलं वाहन अर्ध्या तासाच्या आत चंद्रावर पोचेल. शिवाय दात असा एका दमात घसरत नाहीच. तो थोडा कलंडतो, ब्रॅकेट तारेवर अडकतं, घास चावताना बारीक हादरे बसतात आणि ते सुटतं, मग पुन्हा कलंडतो. असे लहानसे धक्के दिले की अडकलेली तार मोकळी होते, हे ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्येच दाखवलं होतं. तरी आपल्या लॅबमध्ये ठोकळा स्थिर आणि तार सरळसोट.

त्या 'अडकण्या'चं गणित कुसी आणि व्हिटली या दोघांनी अमेरिकेत नव्वदच्या दशकात नीट मांडलं. तार ब्रॅकेटच्या खाचेत सैल बसलेली असते. ब्रॅकेट थोडं तिरपं झालं तरी आधी काही होत नाही, पण एका ठरावीक कोनानंतर तार खाचेच्या दोन्ही कडांना टेकते आणि चिमटली जाते. खाच ०.०२२ इंच, तार ०.०१८ इंच, ब्रॅकेट ३ मिलिमीटर रुंद धरलं तर हा कोन दोन अंशांच्या आसपास येतो. तुम्हीच करून बघू शकता: ०.००४ इंच म्हणजे ०.१ मिलिमीटर सैलपणा, भागिले ३. दोन अंश म्हणजे काहीच नाही हो, वाकडे दात असतात म्हणूनच तर माणूस तारा लावतो. त्या कोनापुढे पृष्ठभाग किती गुळगुळीत आहे याला फारसं महत्त्व उरत नाही, तार किती ताठ आहे याला येतं. आणि चाचणी बहुतेकदा होते शून्य अंशावर.

इथे कोटेड तारेची खरी गोम आहे, आणि मटेरियल्सवाल्या माणसाला ती पहिल्या मिनिटाला दिसते. कोटिंगला जाडी असते. एक-दोन हजारांश इंच, म्हणजे २५ ते ५० मायक्रॉन. तार तर खाचेत बसायलाच हवी. मग अनेक तारांत काय केलं जातं, तर आतला धातू बारीक घेतला जातो, म्हणजे कोटिंगसकट माप पाकिटावरच्या आकड्याइतकं भरतं. ०.०१८ ची तार म्हणून जी घेतली तिच्यात धातू ०.०१६ चाच. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण गोल तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. सोळा भागिले अठरा, त्याचा चौथा घात: ०.६२. स्टीलच्या तारेचं सांगायचं तर ताठपणा ३८ टक्क्यांनी गेला. कोटिंग दोन हजारांश इंच असेल तर उरतो जेमतेम ३७ टक्के. प्लास्टिकचा स्वतःचा ताठपणा धातूपुढे मोजण्याइतका नसतो, तो ही तूट भरून काढत नाही.

हे निव्वळ कागदावरचं गणित नाही. एलायान, सिलिकास आणि बेर्न यांनी २०१० मध्ये कोटेड सुपरइलॅस्टिक तारा तपासल्या, तेव्हा त्याच मापाच्या साध्या तारांपेक्षा त्यांचा जोर कमी भरला.

आता या प्रकाशात तो तक्ता परत वाचा. 'कोटेड तारेचं घर्षण कमी.' ब्रॅकेट तिरपं ठेवून घेतलेली चाचणी असेल, तर हे कोटिंगच्या निसरडेपणामुळे झालं की आतली तार लेचीपेची आहे म्हणून झालं? लवचीक तार कडांवर कमी दाबते, घर्षण आपोआप कमी भरतं. तेवढंच हवं असेल तर डॉक्टर साधी बारीक तारही लावू शकतात, स्वस्तात. पण बारीक तार दात ओढताना वाकते आणि दात सरळ सरकायच्या ऐवजी कलंडतो, मग तो पुन्हा उभा करायला महिने जातात. हे दोन परिणाम वेगळे करायचे तर कोटिंग काढून आतला धातू मायक्रोमीटरने मोजावा लागतो. दहा मिनिटांचं काम आहे. मी वाचलेल्यांपैकी मोजक्याच पेपरांनी ते केलंय. बाकीच्यांनी पाकिटावर जे छापलंय ते 'साहित्य आणि पद्धती'त उतरवलं.

आणि समजा घर्षण खरोखर कमी झालं, तर उपचार लवकर संपतो का? याचं उत्तर ऑर्थोडॉन्टिक्सला एकदा मिळून चुकलंय. सेल्फ-लायगेटिंग ब्रॅकेट आली तेव्हा हेच सांगितलं होतं: रबर रिंग नाही, म्हणून घर्षण नाही, म्हणून उपचार झटपट. लॅबमधले आकडे झकास होते. मग रुग्णांवर रीतसर चाचण्या झाल्या, २०१० मध्ये त्यांचा एकत्रित आढावा आला, आणि एकूण उपचाराचा काळ कमी झाल्याचं दिसलं नाही. २००९ मध्ये बरो यांनी घर्षणावरच्या सगळ्या साहित्याची चिकित्सा केली तेव्हाही सूर हाच होता की दात सरकण्यात शुद्ध घर्षणापेक्षा तारेचं अडकणं आणि हाडाची प्रतिक्रिया जास्त निर्णायक आहेत. इतकं होऊनही आपली डिझर्टेशनं पहिल्या पानावर 'घर्षण कमी म्हणजे उपचार जलद' असंच लिहितात. काहून? तर मागच्याने लिहिलं होतं म्हणून.

घर्षण पुरे. रुग्ण पैसे देतो ते दिसण्याचे, तर दिसण्याकडे वळू.

रंगबदल मोजायला 'डेल्टा ई' नावाचा आकडा वापरतात. आकडा जितका मोठा तितका रंग बदललेला. ३.३ च्या वर गेला की 'क्लिनिकली अस्वीकार्य' असं लिहायची पद्धत आहे. ही मर्यादा १९८७ च्या एका अभ्यासातून येते, आणि तो होता क्राउन-ब्रिजवर चढवायच्या कंपोझिट रेझिनवर. रंगयंत्राला दिसायलाही नमुना ऐसपैस लागतो, म्हणून तारेचे तुकडे शेजारी-शेजारी चटईसारखे लावून मोजतात. चटईचा रंग मिळतो, काडीचा नाही.

तुम्हाला समोरच्याच्या तोंडात काय दिसतं ते बघा. तार ०.४६ मिलिमीटर जाडीची. एक मीटरवरून गप्पा मारताना ती तुमच्या डोळ्याशी दीड कलेचा कोन करते. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. चांगल्या डोळ्याला जेमतेम एक कलेचं बारकावं कळतं. म्हणजे तार दिसण्याच्या उंबरठ्यावरच उभी आहे. डेल्टा ईच्या मुळाशी असलेला सीआयईचा 'प्रमाण निरीक्षक' दोन अंशांच्या, म्हणजे १२० कलांच्या वर्तुळाकडे बघणारा आहे. त्याचं मत दीड कलेच्या रेषेला लावायचं कसं? त्यातही एक गंमत आहे: फार लहान ठिपक्यात माणसाच्या डोळ्याला पिवळ्या-निळ्याचा फरक नीट कळत नाही, हे दृष्टिशास्त्रातलं जुनं निरीक्षण आहे. आणि हळदीने, चहाने जो बदल होतो तो मुख्यतः पिवळ्याच्याच दिशेने. थोडक्यात, ज्या पिवळेपणावर पेपर तीन पानं खर्च करतात तो एक मीटरवरून कुणाला दिसत असेल याची मला दाट शंका आहे. आरशात नाक खुपसून बघणाऱ्याला दिसेल. तीही व्यथा खरीच, पण मग ती वेगळी मोजा.

लांबून काय दिसतं? उजेड-अंधाराचा फरक. पांढऱ्या रेषेत मधेच उघडा पडलेला, चमकणारा किंवा काळपट धातूचा तुकडा. आणि दुसरं, तार बांधणाऱ्या रबर रिंगा. त्या तारेपेक्षा कितीतरी मोठ्या. पारदर्शक रिंग घातलेला रुग्ण घरी जाऊन वरण-भात जेवला की रिंग पिवळी. कुठल्याही ऑर्थो विभागात दुपारभर बसलात तर हे बघायला पेपर लागत नाही. पांढऱ्या तारेचे जादा पैसे मोजून वर हळदीची कंठी घातल्यासारखं होतं.

हळदीवरून आठवलं. बुडवून ठेवायचं द्रावण पाण्यात करतात, पण हळदीचा रंग, कर्क्युमिन, पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. तो तेलात विरघळतो. प्लास्टिकच्या डब्यातून सावजी रस्सा नेलेल्या माणसाला हे ठाऊक आहे. डबा घासून घासून थकतो, रंग जात नाही. आपल्याकडचा खरा नमुना म्हणजे सकाळच्या तर्री-पोह्यांवरची तर्री, गरम आणि तेलाची. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो. तोंडात ऊन येत नाही. आणि खर्रा? २०१२ मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, तरी नागपुरात खर्रा कुठे मिळतो हे विचारायला परगावचा माणूसच लागेल. तारा लावलेला पोरगा डॉक्टरांना खर्रा खातो असं सांगत नाही. सुपारीच्या कडक कणांनी कोटिंग खरवडलं जाणं आणि वरून कात्यासारखा रंग चढणं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. मी वाचलेल्या एकाही पेपरच्या बीकरमध्ये खर्रा नव्हता. कॉफी मात्र सगळ्यांत होती.

'दातासारखा रंग' या शब्दांवरही विदर्भात थांबायला हवं. चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे आणि तिथल्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग असतात. पाण्यातलं फ्लोराइड काढायचं 'नालगोंडा तंत्र' आपल्या नागपूरच्या नीरीनेच विकसित केलं. तशा दातांवर पांढरीशुभ्र तार लपत नाही, उठून दिसते.

आता दोन्ही प्रकरणं जिथे एकत्र यायला हवी होती आणि येत नाहीत, ती जागा. एलायान, सिलिकास आणि बेर्न यांनीच २००८ मध्ये रुग्णांच्या तोंडातून काढलेल्या कोटेड तारा तपासल्या होत्या. सरासरी ३३ दिवसांत कोटिंगचा चौथा हिस्सा निघून गेला होता आणि पृष्ठभाग नव्या तारेपेक्षा खडबडीत झाला होता. ब्रॅकेटची स्टीलची कड, तार बसवतानाचा पकडीचा चिमटा, ब्रश, भाकरीचा कडक पापुद्रा; सगळे तिच्यावर तुटून पडलेले असतात. नॉन-स्टिक तव्याला लोखंडी उलथनं लागलं की काय होतं ते आठवा. पोपडे निघालेला तवा निसरडाही राहत नाही आणि बघवतही नाही. दोन्ही एकदमच जातं, कारण दोन्ही एकाच थरावर अवलंबून होतं.

तारेचंही तेच. घर्षण आणि दिसणं हे दोन वेगळे गुणधर्म म्हणून दोन तक्त्यांत मांडले जातात, पण महिनाभरानंतर दोन्हींचं भवितव्य ठरवणारी गोष्ट एकच: कोटिंग किती उरलं आणि कुठून निघालं. पोपड्याची कड ब्रॅकेटच्या खाचेत आली की तार तिथे अडकणार. तोच पोपडा समोरच्या दातावर असला की दिसणार. निघालेल्या जागी आतली बारीक तार खाचेत जास्तच सैल होणार. नव्या तुकड्यांवर केलेली घर्षणचाचणी आणि नुसती बुडवून ठेवलेल्या, न घासलेल्या तुकड्यांवरची रंगचाचणी यातलं काहीही सांगू शकत नाही. पाकिटातून काढल्यानंतरच्या पहिल्या तासाचं वर्णन ती करते.

साध्या स्टीलच्या तारांचंही आठ आठवड्यांनी घर्षण वाढतं, गाळ साचतो, हे २०१० मध्ये ब्राझीलच्या एका गटाने दाखवलंय. त्याहून आधी, २००५ मध्ये, इलियाडिस आणि बूरावेल यांनी तोंडात जुन्या झालेल्या साहित्याचा अभ्यास आपण टाळतोय असा इशारा देणारा लेख लिहिला होता. हा तोच बूरावेल, ज्याचं नाव २००२ च्या घर्षणाच्या पेपरवर आहे. नव्या तारा मोजणारा माणूस तीन वर्षांत जुन्या तारा मोजा म्हणायला लागला, आणि आपण अजून त्याचा पहिला पेपर उद्धृत करतोय.

आकडेशास्त्राबद्दल एवढंच: एकाच पाकिटातल्या तारेचे दहा तुकडे म्हणजे दहा नमुने नव्हेत. त्याने त्या पाकिटाबद्दल कळतं, कंपनीबद्दल नाही. पी व्हॅल्यू कितीही लहान आली तरी.

विद्यार्थ्यांवर मी हे सगळं ढकलत नाही. सकाळपासून ओपीडी, रात्री सेमिनारची तयारी, नैतिक समितीची परवानगी, रुग्ण मधेच गाव बदलतो; या सगळ्यात दहा तुकडे आणि एक बीकर हे शहाणपणाचंच वाटतं. गाइडनाही तेच सोयीचं. पण रुग्णांवरचा अभ्यास अशक्य आहे असंही नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या अनेक केंद्रांत मिळून चार कोटेड तारांची रँडमाइज्ड चाचणी झाली, आठ आठवड्यांची. दात ओळीत आणण्याच्या वेगात तारांमध्ये फरक सापडला नाही. रंग आणि कोटिंग टिकण्यात मात्र सापडला. म्हणजे निवड करायचीच तर ती टिकण्यावर करा, असं त्या एका चाचणीतून तरी निघतं, आणि लॅबमधला घर्षणाचा तक्ता नेमकं तेच सांगत नाही.

चाचणी झेपत नसेल तर त्याहून सोपी वाट आहे. दर चार-सहा आठवड्यांनी रुग्ण येतो, जुनी तार काढली जाते आणि कचऱ्याच्या डब्यात जाते. ती उचला, म्हणजे रुग्णाला विचारून उचला. किती दिवस तोंडात होती ते लिहा. मोबाइलच्या मॅक्रो लेन्सनेही कोटिंग किती उरलंय ते मोजता येतं, मायक्रोस्कोप मिळाला तर उत्तम. कोणत्या दातासमोरचं निघालं ते नोंदवा. माणूस काय खातो ते विचारा, खर्ऱ्यासकट, आई बाहेर बसलेली असताना. मग तीच वापरलेली तार तिरप्या ब्रॅकेटमधून ओढून बघा. आतला धातू मोजा. एका वर्षात एका विभागातून जेवढ्या तारा मिळतील तेवढ्या दहा-दहा तुकड्यांच्या वीस डिझर्टेशनांत मिळून नाहीत.

आणि तुम्ही रुग्ण असाल तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायला हरकत नाही. या तारेत आतला धातू किती जाडीचा आहे, कोटिंग किती आठवडे टिकतं असा तुमचा अनुभव आहे, आणि सोबत रिंगा कुठल्या लावणार. फोटो एकाच दिवसाचे काढायचे असतील तर पांढरी तार त्या आठवड्यातच बसवून घेणं जास्त व्यवहारी आहे; दोन महिने आधी बसवलेली तार मांडवात पोचेपर्यंत ठिपकेदार झालेली असू शकते. तिसऱ्या प्रश्नाला डॉक्टर बहुधा हसतील, आणि मग करड्या रंगाच्या रिंगा दाखवतील. त्या घ्या. हळद त्यांच्यावर फार दिसत नाही.